पेटीवरचे दोन पंप

आमच्या घरी पेटी म्हणजे हार्मोनियम. घाटकोपरच्या टेकडीवर दोन खोल्यांचं घर होतं आमचं, आणि त्यात पेटीला जी जागा होती ती आम्हा माणसांनाही नव्हती. खिडकीपासून जरा आत, उन्हाची तिरीप लागणार नाही, पावसाचा शिंतोडा येणार नाही अशा कोपऱ्यात ती बसलेली असायची, वर हिरव्या कापडाचं आवरण. त्या आवरणावर काही ठेवायची कोणाची छाती नव्हती. आईनं एकदा घाईघाईत तांदळाचं सूप टेकवलं, तर बाबा दिवसभर तिच्याशी बोलले नव्हते. त्याच पेटीवर पुढे दम्याचे दोन पंप येऊन बसले, एक निळा आणि एक तपकिरी, आणि घरात दोन तट पडले.

बाबा भजनी बुवा होते. म्हणजे पोटासाठी आधी गिरणीत, आणि संपात गिरणी गेल्यावर एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये. पण कोणी विचारलं की ते सांगायचे, मी बुवा. कोकणातून आलेल्या आमच्या माणसांत डबलबारी भजनाचं भारी वेड. समोरासमोर दोन मंडळं बसतात. एका बुवाची बारी, मग दुसऱ्याची. नमन, अभंग, गौळण असं करत करत शेवटी गजर, आणि मधेमधे एकमेकांना गाण्यातूनच टोमणे. समोरच्यानं टोमणा मारला की त्याला गाण्यातूनच उत्तर द्यायचं, तेही तिथल्या तिथे रचून. उत्तर देता आलं नाही की बुवा पडला. आवाज कितीही गोड असो, पडला म्हणजे पडला. बाबा त्या उत्तरांसाठी ओळखले जायचे. त्यांना कोणी गप्प केलंय असं मी लहानपणापासून कधी पाहिलं नव्हतं, घरातसुद्धा. आईला तर त्याचा रागच यायचा.

भिंतीवर त्यांच्या गुरूंचा फोटो होता. जाड भिवया, डोक्याला फेटा. ते जाऊन खूप वर्षं झाली होती, पण घर त्यांच्याच नियमांवर चालायचं. सूर्य कलला की दही नाही. तालमीच्या दिवशी लिंबू नाही, लोणचं नाही. आणि गाऊन उठल्यावर गळ्याला पाणी लावायचं नाही. तापलेल्या गळ्यावर पाणी पडलं की सूर फाटतो. गाणं झालं की खडीसाखरेचा खडा आणि ज्येष्ठमधाची काडी, आणि मग जेवायला बसल्यावर काय ते पाणी. बाबा पहाटे खर्ज लावायचे आणि कामावरून आल्यावर पुन्हा बसायचे. दोन्ही वेळा पेटी मिटली की खडीसाखर. लहानपणी मलाही एक खडा मिळायचा, म्हणून मला तो नियम फार आवडायचा.

दमा त्यांना गिरणीतच लागला असणार. कापसाची भुकटी वर्षानुवर्षं नाकातोंडात गेलेली. इकडे राहायला आल्यावर वारा फिरला की देवनारच्या कचऱ्याचा धूर टेकडीवर यायचा, त्यानं आणखी भर पडली. सुरुवातीला नुसता खोकला, मग शिट्टीसारखा आवाज, मग चाळीची चढण चढताना मधेच थांबून कोणाच्या तरी ओट्यावर बसणं. बसल्यावर ते असा चेहरा करायचे की जणू त्या घरच्यांशी गप्पा मारायलाच थांबलेत. नाक्यावरचा डॉक्टर इंजेक्शन द्यायचा, गोळ्या द्यायचा. आईनं अडुळशाचा काढा दिला, छातीला तेल चोळलं, कोणी सांगितलं म्हणून कसल्याशा पानांची धुरी दिली. त्या धुरीनं तर बाबा मरता मरता वाचले. मी तेव्हा कॉलेज संपवून टायपिंग शिकत होते आणि मला सगळं कळतं असं मला वाटायचं. मी म्हटलं, पुरे झालं, मोठ्या इस्पितळात दाखवू.

महापालिकेच्या इस्पितळात छातीच्या विभागात एक डॉक्टरीणबाई होत्या. तरुण, बारीक, बोलण्यात जरा तडकफडक. त्यांनी बाबांच्या पाठीला नळी लावली आणि म्हणाल्या, "गोळ्या बंद. पंप घ्या."

बाबा उठूनच उभे राहिले. पंप म्हणजे शेवट, असं तेव्हा सगळेच समजायचे. चाळीत एका म्हाताऱ्यानं पंप घेतला होता आणि वर्षभरात तो गेला होता. तो पंपामुळेच गेला याबद्दल कोणाला शंका नव्हती.

"माका पंप नको," बाबा म्हणाले. "एकदा लागलो की सुटाचो नाय. लोक म्हणतले, बुवा पंपार चलता."

"आणि आत्ता कशावर चालताय?" बाईंनी विचारलं.

बाबांकडे याला उत्तर नव्हतं असं नाही, पण दम लागल्यामुळे ते द्यायचं राहून गेलं. असा पहिला निळा पंप आमच्या घरी आला.

निळ्याचं काय सांगू! पहिल्यांदा त्यांनी तो ओढला तेव्हा मी आणि आई समोर बसलो होतो. दोन फवारे. आईनं देवाकडे पाहिलं. थोड्या वेळानं शिट्टी कमी झाली, मग थांबली, आणि बाबा म्हणाले, "च्यायला!" इतकंच. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मलाही रडू आलं. इतकी वर्षं हे होतं कुठे, असं वाटून मला सगळ्या जगाचा राग आला.

पण निळा बोटांत उतरायचा. फवारे घेतले की थोड्या वेळानं हात थरथरायला लागायचे आणि छाती धडधडायची. चहाचा कप हातात धरला तरी बशी वाजायची. चहाचं एक वेळ चालतं, पण पेटीचं काय? तालमीत बाबांचं बोट एका पट्टीवर ठेवायचं ते दोनवर पडायला लागलं. मंडळातले पखवाजवाले काका बाबांचे जुने दोस्त, गिरणीपासूनचे. त्यांची जीभ तिखट. ते म्हणाले, "बुवा, आज पेटी घेतलास की टायपिंग? पोरीचो क्लास तू करतंस काय?" सगळे हसले, बाबाही हसले. घरी आल्यावर मात्र बराच वेळ हाताची बोटं उघडमीट करत बसले.

आणि निळा पुरेना. आधी अधूनमधून लागायचा, मग रोज लागायला लागला, मग दिवसातून किती वेळा ते विचारायची सोय राहिली नाही. तपासणीची तारीख आली तेव्हा बाबा कामावरून परस्परच इस्पितळात गेले आणि संध्याकाळी तपकिरी पंप घेऊन आले.

"बाय म्हणता, निळो पेटलेला इझवता. हो तपकिरी पेटूकच देणा नाय. रोज घेवक व्हयो, सकाळ-सांज, दम असो की नसो."

"आणखी काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"आणखी काय म्हणतली? घ्या म्हणता."

विसरायला होऊ नये म्हणून त्यांनीच युक्ती काढली. पंप पेटीवर ठेवायचा. सकाळी खर्ज झाला, पेटी मिटली, की पंप. संध्याकाळचं गाणं झालं, पेटी मिटली, की पंप. मग खडीसाखर. त्या पवित्र हिरव्या कापडावर निळा आणि तपकिरी असे दोघं शेजारी शेजारी बसलेले पाहून आई म्हणाली, "माझं सूप नको, आणि हे चालतात!" पण ती खूश होती. नेमाच्या बाबतीत बाबांसारखा माणूस नाही. तपकिरी त्यांनी एक दिवस चुकवला नाही.

पहिले काही दिवस तपकिरीनं काहीच केलं नाही. ओढला तरी तेच, न ओढला तरी तेच. पखवाजवाले काका म्हणाले, फसवल्यानी तुका, पाणी भरलेला असतला. मग कधीतरी लक्षात आलं की निळा बरेच दिवस उचललेलाच नाही. एका रविवारी बाबा खालून रॉकेलचा डबा घेऊन आले आणि चढणीवर कुठे बसलेच नाहीत. ज्यांच्या ओट्यावर ते नेहमी टेकायचे ती बाई मागोमाग विचारायला आली, बुवा रागावले का आमच्यावर? आई त्या दिवशी इतकी हसली! तिनं शिरा केला. मला वाटलं, संपलं, सुटलो आपण.

महिना-दोन महिन्यांत बाबांचा आवाज बसला.

सुरुवातीला सर्दी म्हणून सोडून दिलं. मग वरचा सूर लावताना आवाज चिरकायला लागला. मधे अख्खा सूरच गायब व्हायचा, तोंड उघडं आणि आवाज नाही. बोलताना घोगरे वाटायचे, जणू शेजारच्या खोलीतून कोणी दुसराच माणूस बोलतोय. त्यांनी खडीसाखर वाढवली, ज्येष्ठमध वाढवला, दह्याबरोबर ताकही बंद केलं. उपयोग शून्य. गळा आणखी खरखरीत. शेवटी एका संध्याकाळी त्यांनीच पेटीवरच्या दोघांकडे बोट दाखवलं आणि मला म्हणाले, "बग गो. एक हात घेता, एक गळो घेता. बुवान गावचा कशान?"

मग काकांनी तिसरं आणलं. त्यांच्या कोणा पाहुण्याचं होतं. प्लास्टिकचं छोटं यंत्र, त्यात कॅप्सूल घालून फिरवायचं की ती आत फुटते, आणि मग जोरात ओढून आतली पावडर छातीत न्यायची. बाबांनी ओढलं आणि असा ठसका लागला की शेजारचे धावत आले. पावडर घशाला चिकटली. त्यांना गिरणी आठवली म्हणे. ते यंत्र त्याच दिवशी परत गेलं.

तेव्हापासून आमच्या घरात तुलना सुरू झाली ती थांबेना. आई तपकिरीच्या बाजूची. "आवाज काय करायचाय? माणूस चढण चढतोय ते बघा." मंडळ निळ्याच्या बाजूचं. थरथरत्या हाताचं काय, पेटी दुसरा कोणी वाजवील, पण बुवाचा गळा कुठून आणायचा? मी दोघांवर चिडायचे. कारण दोघांचंही बरोबर होतं आणि मला तिसरं काही सुचत नव्हतं. इस्पितळात जावं तर त्या डॉक्टरीणबाई पुढच्या शिक्षणासाठी कुठेतरी गेलेल्या, आणि दर खेपेला नवा डॉक्टर. तो कागद बघायचा, छाती ऐकायचा, "छाती छान आहे" म्हणायचा आणि तीच औषधं पुन्हा लिहायचा. आवाजाबद्दल मी सांगायला लागले की म्हणायचा, कमी बोला. बुवाला!

अशातच नाहूरची बारी ठरली. तिथल्या एका मंडळाची सत्यनारायणाची पूजा, रविवारी दुपारी डबलबारी, आणि समोर भांडुपचा एक तरुण बुवा. तेव्हा त्याचीच हवा होती. आवाज पहाडी, केस मानेपर्यंत, टोमणे एकदम झकास. आणि बाबांच्या दोन चाली त्यानं सरळ उचलल्या होत्या, शब्द तेवढे बदलून. सगळ्यांना ते माहीत होतं. बाबा वरवर म्हणायचे, गाऊ दे रे, चाल काय पेटीत कुलूप लावून ठेवायची असते? पण त्यांना ते लागलं होतं. ते कबूल करायचे नाहीत. मला मात्र दिसायचं.

बारीच्या आधी काही आठवडे त्यांनी तपकिरी उचलला, कापडात गुंडाळला आणि आईच्या हातात दिला.

"बारी होयसर हेका सुट्टी."

आईनं भांडून पाहिलं, रडून पाहिलं, दोन दिवस जेवली नाही. मी डॉक्टरीणबाईंचं वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवलं, पेटूच नये म्हणून आहे तो. बाबा ऐकून घ्यायचे. शेवटी म्हणाले, "गो, माका कळता सगळा. पण त्या पोराच्या समोर घोगरो बसू? त्यापरास दम लागलेलो बरो." लहान मूल असतं तर हात धरून पाजलं असतं. साठीकडे झुकलेल्या बापाच्या तोंडात पंप कसा कोंबायचा?

आणि वाईट म्हणजे, आवाज परत आला. हळूहळू घोगरेपणा गेला, मग एका पहाटे खर्जानंतर त्यांनी वरचा षड्ज लावला आणि तो स्वच्छ लागला. मी अंथरुणात होते. मला इतका आनंद झाला, आणि लगेच इतकी भीती वाटली, की मी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. त्याच आठवड्यात निळा पुन्हा लागायला लागला.

नाहूरला मी आणि आई बायकांत पुढेच बसलो होतो. बाबांनी पांढरा झब्बा घातला होता आणि निळा पंप पेटीच्या मागे, माणसांना दिसणार नाही असा ठेवला होता. पहिली बारी त्यांची. ते इतके सुंदर गायले की मी सगळं विसरले. अभंगाला म्हातारी माणसं माना हलवत होती, गौळणीला पोरांनी शिट्ट्या मारल्या. पखवाजवाले काका माझ्याकडे बघून भुवया उडवत होते, जणू म्हणत होते, बघ, कोण बरोबर? मलाही वाटलं, असेल, काकांचंच बरोबर असेल.

समोरच्यानं त्याची बारी घेतली, तोही काही कमी नव्हता. पुन्हा बाबांची. मांडवात माणसं खचाखच, धूप, उदबत्त्या, पंखा एकच आणि तो पूजेकडे. गजर चढायला लागला तसे बाबांचे खांदे वर यायला लागले. मला ते खांदे ओळखू यायचे. कोरस गात होता तेवढ्यात त्यांनी मान खाली घालून पेटीमागे पंप ओढला. मग पुन्हा. मग पेटी अडखळायला लागली. गजर कसाबसा पुरा झाला. टाळ्या पडल्या, पण आईनं माझं मनगट धरलं होतं ते सोडलं नाही.

तरुण बुवानं ते पाहिलं होतं. बारीत तसं बघायचंच असतं. समोरच्याची फाटलेली बाही, सुटलेला सूर, काहीही. त्यानं पेटीवर हात टाकला आणि हसत हसत गायला,

"सायकलवाल्याचो पंप बुवान आणलो,
हवा भरून भरून गजर ताणलो!"

मांडव हसून लोळला. मी खोटं कशाला बोलू, ओळ चांगलीच होती. बाबासुद्धा हसले. त्याच्या मनात वाईट नव्हतं, हे मला आज कळतं. त्याला तो खेळाचाच भाग वाटला. त्यानं ओळ घोळवली, कोरसनं उचलली, आणि मग रिवाजाप्रमाणे त्यानं बाबांकडे हात केला. द्या उत्तर.

बाबांकडे उत्तर होतं. मी शपथेवर सांगेन. त्यांना उत्तर सुचलं की डाव्या डोळ्याचा कोपरा बारीक व्हायचा, तो झालेला मी पाहिला. त्यांनी पेटीवर सूर धरला. तोंड उघडलं. आणि आतून हवाच आली नाही. त्यांनी पुन्हा भाता दाबला, पेटी वाजली, गळा वाजला नाही. लोक थांबले. कोणीतरी ओरडलं, "बुवा, पंप मारा!" पुन्हा हशा. बाबांनी हात वर केला, थांबा म्हणून. तो हात थरथरत होता. डोळा अजून तसाच बारीक, उत्तर ओठांवर, आणि श्वास नाही. मला आयुष्यात इतकं असहाय कधी वाटलं नाही. धावत जाऊन त्या माईकवर मी काय बोलणार होते? उत्तर त्यांच्यापाशी होतं, आणि श्वास माझ्यापाशी होता, आणि एकाचं दुसऱ्याला देता येत नव्हतं.

तो हात मग पेटीवरच पडला. काकांनी पखवाज बाजूला फेकला. तरुण बुवा सगळ्यांच्या आधी उठून धावला, टॅक्सीही त्यानंच आणली. इस्पितळात ऑक्सिजन, शिरेतून इंजेक्शन, आणि पडद्याबाहेर आई आणि मी. आई सारखं एकच म्हणत होती, पेटी राहिली तिकडे, पेटी राहिली.

बाबा वाचले. पेटी काकांनी घरी पोचवली होती. घरी आल्यावर आईनं कापडातून तपकिरी काढून पेटीवर ठेवला आणि बाबांनी त्याच संध्याकाळी तो उचलला. गाणं सोडलं त्यांनी. मंडळात दुसरा बुवा बसला. पण नेम तसाच राहिला. सकाळी पेटीपाशी बसायचं, आवरण काढायचं, भाता एकदा उघडायचा, एक सूर, गळ्यातून नाही, नुसता पेटीचा. मग पेटी मिटायची, पंप घ्यायचा, खडीसाखर तोंडात. संध्याकाळी पुन्हा तेच. दम जवळजवळ गेला. ते चढण चढायचे, बाजार आणायचे, रांगेत उभं राहून रॉकेल आणायचे. आवाज मात्र इतका बसला की दारात आलेला माणूस विचारायचा, बुवा आहेत का घरात? आणि बाबा म्हणायचे, आहेत.

शेवटी मी आईच्याच बाजूची झाले होते ना? मग आईच्या मनासारखं झालं होतं. माणूस होता. तरी मला घरात बसवेना. त्यांना घोगऱ्या आवाजात "भाजी काय आणू?" विचारताना ऐकलं की मी उठून गॅलरीत जायचे.

असं बराच काळ चाललं. मग त्यांचा घसा दुखायला लागला, गिळताना त्रास व्हायला लागला, म्हणून मी त्यांना पुन्हा इस्पितळात नेलं, आणि पाहते तर त्याच डॉक्टरीणबाई. शिक्षण संपवून परत आल्या होत्या, आता मोठ्या डॉक्टर. त्यांनी बाबांना ओळखलं. "काय बुवा?" म्हणाल्या. बाबा बोलले, आणि बाईंचा चेहरा बदलला. टॉर्च घेऊन त्यांनी घसा पाहिला.

"पांढरं झालंय सगळं. पंप घेतल्यावर चूळ भरता ना?"

बाबा स्टुलावर जरा मागे सरकले.

"रोज? खळखळून? दोन्ही वेळेला?"

बाबांनी खडीसाखर असलेल्या खिशावर हात ठेवला. बाई माझ्याकडे वळल्या. तपकिरी पंपाचं औषध घशाला चिकटून राहतं, त्यानं बुरशी धरते, आवाज बसतो. म्हणून तो घेतला की चूळ भरून थुंकायची. एवढंच. आणि वर साखर चघळली तर मग विचारायलाच नको. "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं यांना," त्या म्हणाल्या. घशात सोडायला थेंब लिहून दिले आणि म्हणाल्या, सुधारेल, बऱ्याच जणांचा सुधारतो.

मी इस्पितळाच्या फाटकापर्यंत कसाबसा दम धरला. मग रस्त्यातच थांबले.

"त्यांनी सांगितलं होतं?"

"सांगितल्यानी होता."

"मग?"

"गुरुबुवांनी सांगितल्यानी होता, गाणा झाल्यार गळ्याक पाणी नको. कोणाचा ऐकूचा?"

"चूळ भरायची होती, बाबा! गिळायची नव्हती! पाणी तोंडात घेऊन थुंकायचं होतं!"

"पाणी तोंडात गेला म्हणजे गळ्याक लागलाच ना गो," ते म्हणाले. अगदी शांतपणे, मला समजावत असल्यासारखं. मी ओरडणार होते. त्यांच्या त्या घोगऱ्या आवाजापुढे मला ओरडताच आलं नाही. आवाज वाचवायचा नियम पाळून पाळून त्यांनी तो घालवला होता. आणि हे त्यांना आत्ताच, माझ्याबरोबर, त्या फाटकाशी उभं राहून कळत होतं.

त्या संध्याकाळपासून पंप घेतला की बाबा भिंतीवरच्या फोटोपुढे उभे राहायचे, दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावायचे, माफी मागितल्यासारखे, आणि मग मोरीत जाऊन चूळ भरायचे. आई हसायची. मी हसले नाही. खडीसाखरेचा डबा आईनं देवघरात नैवेद्यासाठी ठेवून दिला.

घसा बरा झाला. आवाज यायला वेळ लागला. आधी बोलण्यात आला, मग खाकरण्यात, मग शिव्यांत. गाण्याचं आमच्या घरात कोणी नावच काढत नव्हतं. एका संध्याकाळी मी मोरीच्या दारात कपड्यांची बादली घेऊन थांबले होते. बाबांनी चूळ भरली, थुंकली, तोंड पुसलं. आणि नळाच्या वरच्या भिंतीकडे बघत, डावा डोळा बारीक करून, पूर्ण आवाजात गायले,

"उसनी हवा माझी रे बुवा, उसनी चाल तुझी,
हवा भरून मी माझी गातंय, तू पण गातंस माझी!"

एकही सूर चिरकला नाही. ओळ त्यांनी दोनदा घोळवली, जशी मांडवात घोळवतात तशी. मधे दम घ्यायला थांबावंही लागलं नाही. आतल्या खोलीत आईच्या हातातलं भांडं वाजायचं बंद झालं.

इतका काळ त्यांनी ते उत्तर तसंच जपून ठेवलं होतं. मला वाटलं, टेकडी उतरून धावत जावं आणि नाहूरच्या त्या मांडवातला एकेक माणूस हात धरून इथे आणावा. पण तो मांडव केव्हाच उतरला होता, आणि तो तरुण बुवाही आता गोव्याकडे नोकरीला गेला होता.

बाबांनी ओळ संपवली, आणि बारी संपल्यावर समोरच्याकडे करतात तसा हात पुढे केला. समोर मोरीची भिंत होती. हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यांनी तो नळाकडे नेला आणि नीट बंद न झालेला नळ बंद केला.